भोजनाच्या आदल्या दिवशी

त्या शनिवारी आईने सहा पँटींच्या किनारी दुमडल्या, दोन चेन बदलल्या आणि एका कोटाला अस्तर लावायला नकार दिला. कोटवाले गृहस्थ दारातच अडून उभे होते.

"बाई, अस्तर नवं घाला, म्हणजे कोट नवा होईल."

"कोट नाही होणार. अस्तर होईल," आई म्हणाली. "खांद्यावर कापड विरलंय. खाली नवं कापड ओढ घेईल, वरचं फाटेल, आणि मग तुम्ही मला शिव्या द्याल."

"छे, शिव्या कशाला देईन?"

"मनात द्याल. मनातल्या जास्त दिवस टिकतात."

गृहस्थ हसले आणि कोट घेऊन गेले. कोपऱ्यात बटणं निवडत बसलेल्या मावशीने मान वर केली. "गेलं गिऱ्हाईक. आणखी दोघा-तिघांशी अशीच खरं बोल ताई, म्हणजे सोमवारपासून दोघी बसू हातावर हात ठेवून."

मावशी आईची धाकटी बहीण. काका गेल्यापासून आमच्याकडेच राहायची. माझे वडील त्याच्याही आधी गेले होते. घरात आम्ही तिघी, आणि पुढच्या खोलीत आईचं दुरुस्तीचं काम: खिडकीशी मशीन, शेजारी इस्त्रीचं टेबल, भिंतीला लागून लोकांचे कपडे टांगलेली लोखंडी नळी. आई नवीन काही शिवायची नाही. उसवलेलं, फाटलेलं, सैल झालेलं, घट्ट झालेलं एवढंच घ्यायची.

प्रत्येक कपड्याला ती एक चिठ्ठी टाचायची. बिलाची नव्हे. काय झालं आणि काय झालं नाही, त्याची. 'चेन नवी आहे, पण कापड जुनं. ओढू नये.' 'डाग निघाला नाही. दोनदा प्रयत्न केला.' 'डावी बाही बोटभर आखूड झाली. चूक माझी. चालत नसेल तर परत आणा.' खिशात कुणाचं पत्र सापडलं तर घडी न उलगडता पाकिटात घालून तेही टाचायची. आमच्या घरात देवाविषयी बोलणं फारसं व्हायचं नाही. आईचा विश्वास होता तो असा, टाचणीने लावलेला. किनार घालताना ती त्या माणसासाठी प्रार्थना करायची, ओठ न हलवता. किनार संपली की प्रार्थना संपली.

"म्हणजे जाड्या माणसाला जास्त प्रार्थना?" मावशीने एकदा विचारलं होतं.

"घेर जास्त असतो," आई म्हणाली होती.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजन असे: येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एक भाकर वाटून घ्यायची. आदल्या संध्याकाळी जेवण झालं की ताटं उचलायच्या आधी आई आम्हाला बसवून ठेवायची आणि एक प्रश्न विचारायची. तिचं म्हणणं सरळ होतं. कुणाच्या मनात आपल्याविषयी काही असेल, तर आधी त्या माणसाकडे जायचं, मग देवाकडे. येशूनेच सांगितलंय, त्यात आपली अक्कल चालवू नये. आपल्या मनात दुसऱ्याविषयी काय आहे, एवढंच लोक तपासतात. आईचा भर नेमका उलट बाजूवर असायचा.

"माझ्याविरुद्ध कुणाचं काही आहे?" त्या शनिवारीही तिने विचारलं.

"माझं आहे," मावशी म्हणाली. "तू घोरतेस, आणि सकाळी विचारलं तर माझंच नाव सांगतेस."

"चुकलं. माफ कर."

"केलं. पण घोरणं बंद कर."

"ते माझ्या हातात नाही. माफी मागणं आहे."

मग ती माझ्याकडे वळली. "तुझं?"

"नाही," मी म्हणाले आणि ताटं गोळा करायला उठले.

"बघ बरं."

असं ती कधी म्हणत नसे.

"बघितलं," मी म्हणाले. नळ सोडला. पाण्याच्या आवाजातही मला कळत होतं की ती अजून खुर्चीतून उठलेली नाही.

त्या 'नाही'ला सोळा वर्षं झाली होती.

मी एकोणीस वर्षांची असताना माझं बोलणं थांबलं होतं. रागाने नव्हे, हट्टाने नव्हे. शब्द तोंडापर्यंत यायचे आणि तिथेच बसून राहायचे. मग खाणं थांबलं. अडीच महिने मी इस्पितळात होते. आई रोज उशाशी बसून कुणाची तरी बटणं लावायची. बरी झाले, शिक्षण पुरं केलं, छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी मिळाली. तिथे मला एक माणूस भेटला. शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकांसाठी तो नकाशे काढायचा. मावशीने त्याचं नाव नकाशेवाला ठेवलं आणि घरात तेच रूढ झालं. नद्या त्याच्या, नद्यांची नावं माझी. एका नदीच्या नावातली वेलांटी चुकली म्हणून आमचं पहिलं भांडण झालं. त्यानंतर आठ महिन्यांनी लग्न ठरलं.

इस्पितळाबद्दल मी त्याला सांगणार होते. दिवसही ठरवला होता: रविवार, उपासनेनंतर, आवारातल्या बाकावर. वाक्यंसुद्धा मनात लिहून, तपासून ठेवली होती.

त्याच्या आधीच्या गुरुवारी त्याची आई लग्नाचे कपडे अंगाला बसवून घ्यायला आमच्याकडे आली. आई तिच्या पायाशी गुडघ्यांवर बसून किनार टाचत होती. तोंडात टाचण्या. आरशात बघत ती बाई म्हणाली, "तुमची मुलगी फार शांत आहे हो. लहानपणापासून अशीच का?" विचारायचं म्हणून विचारलं असेल. आईने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, मनगटावरच्या गादीत खोचल्या आणि सगळं सांगितलं. कोणतं साल, किती दिवस, डॉक्टर काय म्हणाले. आजार परत येईल किंवा येणारही नाही, हेसुद्धा.

हे मला आईनेच सांगितलं, मी कामावरून आल्या आल्या. खांद्यावरची पिशवीही मी अजून काढली नव्हती.

"त्यांनी विचारलं. मला लपवता आलं नाही."

"बरं केलंस," मी म्हणाले.

"रागावलीस?"

"नाही."

रविवारी नकाशेवाला त्या बाकापाशी आला. उभाच राहिला. "आजाराचं मला काही नाही," तो म्हणाला. "पण मला हे आईकडून कळलं. तू का नाही सांगितलंस?" आजच सांगणार होते, असं मी म्हणायला लागले. ते इतकं खोटारड्या माणसाच्या तोंडचं वाटलं की वाक्य अर्धंच राहिलं. तो थोडा वेळ थांबला, मग गेला. त्याचे नकाशे अजून छापखान्यात येतात. नद्या अचूक असतात.

आई खरं बोलली याचा मला राग नव्हता. ते खरं माझं होतं, याचा होता. विरलेल्या कापडाला लावावी तशी तिने मला चिठ्ठी लावली होती, आणि चिठ्ठीतला शब्दन् शब्द बरोबर होता. बरोबर असलेल्या माणसाशी कसं भांडायचं ते कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. पुस्तकं मी पुष्कळ वाचली.

म्हणून दर महिन्याला 'नाही' म्हणत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी चर्चमधल्या बाकावर बसून भाकर घेत राहिले. पहिली एक-दोन वर्षं ती घशात अडायची. मग अडेनाशी झाली.

त्या रविवारी सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा आई कुशीवर झोपली होती. हात उशीखाली. मी कप ठेवला, खिडकी उघडली, "उठ, उशीर होतोय" म्हणाले आणि दात घासायला निघून गेले. दुसऱ्यांदा आले तेव्हा चहावर साय धरली होती. झोपेतच गेली, डॉक्टर म्हणाले, पहाटे कधीतरी. त्रास झाला नसेल. मावशी दारात उभी राहून एकच वाक्य सारखं म्हणत होती, "काल मी तिला घोरण्यावरून बोलले गं."

तिला निदान बोलून तरी झालं होतं.

पुढचे दिवस कपडे परत करण्यात गेले. नळीवर तेवीस कपडे होते. लोक यायचे, कपडा घ्यायचे, हातात धरून उभे राहायचे आणि आईची काहीतरी गोष्ट सांगायचे. जे अर्धवट होते ते मावशीने पुरे केले. तिची टीप वाकडी जाते. "लिहू का चिठ्ठीत, टीप वाकडी आहे म्हणून?" तिने विचारलं. मी म्हटलं, नको. चिठ्ठीशिवायचे कपडे गेले.

तिसऱ्या आठवड्यात चर्चचे पाळकसाहेब आले. त्यांचीही एक पँट होती. ती घडी घालून मांडीवर ठेवत ते गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले.

"मागच्या वेळी बाईंनी चिठ्ठीत काय लिहिलं होतं, माहीत आहे? 'गुडघे फार झिजलेत. प्रार्थनेने की सायकलने, ते तुमचं तुम्हाला ठाऊक.'" ते हसले, मग चष्मा काढून पुसत बसले. "सायकलनेच हो."

मावशीने चहा आणला. पाळकसाहेबांनी कामाचं काढलं. येत्या पहिल्या रविवारी, भोजनाच्या आधी, आईच्या आयुष्यावर दोन पानं वाचावीत असं मंडळीचं म्हणणं होतं. लिहायची मी, वाचायचीही मी.

"तुमच्याइतकं शुद्ध कोण लिहिणार? आणि एक राहू देऊ नका. भोजनाच्या दर रविवारी बाई चर्चच्या आतल्या खोलीत लोकांची तान्ही मुलं सांभाळत. सोळा वर्षं. दुसऱ्याला भोजन मिळावं म्हणून स्वतः आत. अशी सेवा मी पाहिली नाही. अख्ख्या मंडळीत हीच एक बाई, जिच्याविरुद्ध कुणाचंच काही नव्हतं."

"बरं," मी म्हणाले.

ते गेले, फाटक लागल्याचा आवाज झाला, तेव्हा मावशीने कप-बशी बाजूला सारली.

"सेवा म्हणे. कसली सेवा? शिक्षा होती ती."

"काय?"

"तुला काय वाटतं, आत तिला भाकर मिळायची?"

मला तसंच वाटत होतं. भोजनाच्या टेबलावर मावशी मदतीला असायची. बाकांवरचं वाटून झालं की एक ताट घेऊन ती आतल्या खोलीकडे जाताना मला दिसायची.

"मी न्यायचे. ती मुलांना हात जोडायला लावायची आणि ताट तसंच परत द्यायची. दर वेळी. पहिल्यांदा मला वाटलं, तब्येत बरी नाही. चार-पाच महिन्यांनी विचारलं. म्हणाली, घरात एकीचं माझ्याविरुद्ध आहे. ती सांगेपर्यंत मला तिथे हात लावता येत नाही."

मी मशीनच्या खुर्चीत बसले. बसायला दुसरं काही जवळ नव्हतं.

"मी नाही म्हणत होते ना दर वेळी?"

"म्हणत होतीस. आणि म्हणता म्हणता ताटं उचलायला लागायचीस. माझ्या घोरण्याच्या गप्पा चालायच्या तेव्हा तुझा हात ताटाला लागायचा नाही. तिच्या लक्षात यायचं. आई होती ती, कपडेवाली बाई नव्हे नुसती. कुठे उसवलंय ते हात लावून कळायचं तिला."

"मग तिने विचारायचं होतं. सरळ."

"दर महिन्याला काय करत होती मग?"

"तसं नाही. त्याचं नाव घेऊन. ती गोष्ट काढून."

"मी सांगितलं नसेल तिला? शंभरदा सांगितलं, ताई, तूच काढ विषय. म्हणायची, ती नाही म्हणते. मी विषय काढला तर तिला खोटी पाडल्यासारखं होईल. आणि ओरबाडून घेतलेली माफी घेऊन देवापुढे कशी जाऊ?" मावशीचा आवाज चढला. "एक हट्टी, दुसरी तिच्याहून हट्टी. मध्ये मी ताट धरून. मला वाटायचं कुणीतरी एक जण कंटाळेल. माणसं कशालाही कंटाळतात. तुम्ही दोघी नाही कंटाळलात."

"तू मला सांगायचं होतंस."

"शपथ घातली होती तिने. आणि तुला सांगून काय झालं असतं? तू तेव्हाही 'नाही'च म्हणाली असतीस. फक्त जास्त गोड आवाजात."

ज्या बाईचं चुकलं होतं ती सोळा वर्षं उपाशी राहिली, आणि जिने खोटं सांगितलं ती भिंतीपलीकडे बसून जेवत होती.

दोन पानं मी एका बैठकीत लिहिली. चिठ्ठ्यांविषयी लिहिलं, खिशातल्या पत्रांविषयी, किनारीच्या प्रार्थनेविषयी. आतल्या खोलीपाशी येऊन थांबले. काय खरं ते मला माहीत होतं आणि ते एका ओळीत मावत होतं. ती ओळ मी तीन प्रकारे लिहिली आणि तिन्ही खोडल्या. शेवटी लिहिलं: 'भोजनाच्या रविवारी ती आतल्या खोलीत लहान मुलांबरोबर असे.' वाक्यात एकही चूक नव्हती. आईने ते कुठल्याच कपड्याला लावलं नसतं.

रविवारी मी ते वाचलं. आवाज कुठे कापला नाही. गुडघ्यांच्या चिठ्ठीवर लोक हसले, पाळकसाहेब सगळ्यांत मोठ्याने. आतल्या खोलीच्या वाक्यावर पुढच्या बाकावरची एक म्हातारी डोळ्यांना पदर लावून रडली. मला वाटलं होतं, तिथवर गेले की काहीतरी होईल. कागदावरून नजर उचलली जाईल आणि तोंडातून दुसरंच काही निघेल. मी एक क्षण थांबलेही. मग पुढची ओळ वाचली.

जागेवर येऊन बसले. गीत झालं. ताट बाकाबाकाने फिरायला लागलं. आता ही भाकर आईसाठी म्हणून घेऊ, असं मी ठरवून आले होते. ताट माझ्या हातात आलं, भाकरीचे बारीक तुकडे, कडांना थोडा चुरा, आणि मी ते शेजारच्या बाईकडे सरकवलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी उठले आणि बाजूच्या दाराने आत गेले.

आतल्या खोलीत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. लहान होती. एक खिडकी, चटई, चार बुटक्या खुर्च्या, भिंतीवर रंगीत खडूंच्या रेघा. मावशी एका बुटक्या खुर्चीवर गुडघे हनुवटीशी घेऊन बसली होती. मांडीवर एक बाळ झोपलेलं, चटईवर दोन मुली एका रिकाम्या रिळासाठी भांडत होत्या. आज भोजनाच्या टेबलावर दुसऱ्या बायका होत्या. मावशीने मुलांचं काम मागून घेतलं होतं.

भिंतीतून पुढच्या गीताचा आवाज येत होता. चाल कळत होती, शब्द कळत नव्हते.

"झालं?" मावशीने विचारलं.

"नाही घेतलं."

"अस्सं. एक गेली, आता दुसरी आली बसायला. ये. खुर्च्या आहेत पुष्कळ. मी म्हातारी होईपर्यंत ताटं नेईन आणि परत आणीन."

"मावशी."

"नाही गं, चेष्टा नाही करत. पण तुझं कुणाला सांगायचं राहिलंय आता? तिला विचारायला कोण येणार आहे? मी विचारू? मला विचारता येत नाही तिच्यासारखं."

मी खुर्चीवर बसले. गुडघे वर आले. इथून आईला काय दिसत असेल ते पाहिलं. खिडकी, आवाराची भिंत, तिला लागून ते बाक. ज्या बाकावर मी त्या रविवारी नकाशेवाल्यासाठी बसले होते, ते. सोळा वर्षं तिच्यासमोर ते होतं.

मुलींपैकी एकीने रीळ माझ्या पायाशी सोडलं आणि ते परत कधी मिळतंय याची वाट बघत उभी राहिली. मी ते उचलून तिला दिलं. मावशीने बाळाला खांद्यावर घेतलं. कुणी काही विचारलं नाही. पलीकडे गीत संपलं आणि सगळी माणसं एकदम गप्प झाली. त्या शांततेत माझा आवाज मलाच फार मोठा वाटला.

"आई, त्यांनी विचारलं तेव्हा तू म्हणायचं होतंस, तिलाच विचारा. बस, एवढंच. टाचण्या काढेपर्यंत तुला वेळ होता. मी रविवारी सांगणार होते. तो माझ्याकडून ऐकून थांबला असता की गेला असता, मला माहीत नाही. ते मला कळायला हवं होतं. तू खरं बोललीस, पण ते तुझं नव्हतं. मला तुझा राग आला होता, आणि मी रोज तुझ्या हातचं जेवले, तुझी औषधं आणली, तुला वाचून दाखवलं, आणि तो राग एक दिवसही कमी झाला नाही. मी तुला माफ केलं नाही, आई. अजून केलेलं नाही."